एका ओळीतून ‘मोगल’ गळाला तेव्हा : प्रॅट-यॉर्क मताचं प्रकरण

११ जून १७७३ रोजी विल्यम मरे नावाचा व्यापारी मिसिसिपीकाठच्या कास्कास्किया गावात पोचला. आज हा भाग अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात येतो. तेव्हा ते फ्रेंचांनी वसवलेलं आणि दहा वर्षांपूर्वी ब्रिटिशांकडे आलेलं एक दूरचं ठाणं होतं. मरेच्या मागे फिलाडेल्फियाचे पैसेवाले व्यापारी होते आणि खिशात एक हस्तलिखित कागद होता. तो त्याने तिथला लष्करी अधिकारी कॅप्टन ह्यू लॉर्ड याच्यापुढे ठेवला.

कागद म्हणजे एक कायदेशीर मत होतं, मोजून एका परिच्छेदाचं. इंडियन राजांकडून किंवा सरकारांकडून तहाने वा दानपत्राने मिळालेल्या जमिनीला इंग्लंडच्या राजाची वेगळी सनद लागत नाही, जमिनीची मालकी घेणाऱ्याकडे थेट येते, असा त्याचा आशय. खाली चार्ल्स प्रॅट आणि चार्ल्स यॉर्क या दोन बड्या इंग्रज कायदेपंडितांची नावं. त्याखाली शेरा: लंडनमध्ये १ एप्रिल १७७२ रोजी रुजवात घातलेली, म्हणजे मुळाशी ताडून पाहिलेली, खरी नक्कल.

या नकलेच्या बळावर पुढच्या दोन-अडीच वर्षांत लाखो एकरांची खरेदीखतं झाली. पन्नास वर्षांनी त्यातलं एक खत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं, आणि त्या निकालावर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीचा कायदा आजही उभा आहे. कागदातलं बहुतेक वाक्य अस्सल होतं. सह्यांची नावंही खरी होती. खोट होती ती गाळलेल्या शब्दांत.

मूळ प्रश्न कोणाचा होता

कायदेशीर मत हे नेहमी कोणाच्या तरी प्रश्नाला दिलेलं उत्तर असतं. आपल्याकडे वकील जमिनीचा सर्च रिपोर्ट देतो तेव्हा वर अशिलाचं नाव, गट नंबर, किती वर्षांच्या नोंदी पाहिल्या आणि कोणती कागदपत्रं समोर होती हे लिहितो. हे वरचं टाचण फाडून फक्त शेवटचं ‘टायटल निर्वेध आहे’ एवढं वाक्य कोणी दुसऱ्याच जमिनीच्या गिऱ्हाइकाला दाखवलं, तर काय होईल? मरेच्या कागदाबाबत झालं ते याच जातीचं होतं.

प्रश्न विचारला होता ईस्ट इंडिया कंपनीने. जून १७५६ मध्ये सिराजउद्दौल्याने कलकत्ता घेतलं. जानेवारी १७५७ मध्ये क्लाइव्ह आणि अ‍ॅडमिरल वॉटसन यांनी ते परत मिळवलं, आणि फेब्रुवारीत अलीनगरचा तह झाला. या मोहिमेत कंपनीच्या फौजेबरोबर राजाचं आरमार होतं. मग लूट कोणाची? जिंकलेली जागा कोणाची? नवाबाने तहात दिलेली जागा कोणाची? कंपनीने राजाकडे अर्ज केला. राजाच्या सल्लागार मंडळाने तो अ‍ॅटर्नी जनरल प्रॅट आणि सॉलिसिटर जनरल यॉर्क यांच्याकडे अभिप्रायासाठी धाडला. २४ डिसेंबर १७५७ रोजी दोघांनी मत दिलं. प्लासीची लढाई त्या जूनमध्येच झाली होती, पण तिची बातमी तोवर लंडनला पोचलेली नव्हती. बंगालचं पुढे काय होणार याची कल्पना नसताना दिलेलं हे मत आहे.

त्यांच्या उत्तराचे दोन भाग होते. पहिला भाग असा: ‘महान मोगलाकडून अथवा कोणत्याही इंडियन राजाकडून वा सरकारकडून तहाने किंवा दानपत्राने जी ठिकाणं मिळाली आहेत वा पुढे मिळतील, त्यांच्यासाठी महाराजांच्या सनदेची गरज नाही. त्या इंडियन दानपत्रांनीच जमिनीची मालकी कंपनीकडे येते.’ पुढे लगेच अट आहे. तिथल्या वसाहतींवर इंग्रज वसाहती म्हणून आणि रहिवाशांवर इंग्रज प्रजा म्हणून महाराजांचा सार्वभौम अधिकार कायम. दुसरा भाग जिंकलेल्या मुलखाचा. अशा ठिकाणी मालकी आणि सत्ता दोन्ही राजाची, आणि कंपनीला काही हवं असेल तर ते राजाने दिलं तरच मिळणार.

मालकी आणि सत्ता यांची ही फोड मराठी वाचकाला नवीन नाही. इनामदाराकडे जमीन असते, पण राज्य छत्रपतींचं किंवा पेशव्यांचं असतं. दोन हक्क एकाच शेतावर एकावर एक बसलेले असतात. प्रॅट आणि यॉर्क यांनी तीच मांडणी इंग्रजी शब्दांत केली होती.

त्यातला तह आणि विजय हा फरक कोकणच्या किनाऱ्यावर अगदी ढळढळीत दिसतो. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग, म्हणजे इंग्रजांचा घेरिया, तोफा डागून घेतला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पेशव्यांशी तह होऊन सावित्रीच्या मुखावरचा बाणकोट आणि भोवतालची काही गावं कंपनीच्या पदरात पडली, आणि विजयदुर्ग पेशव्यांकडे गेला. प्रॅट-यॉर्क यांची फूटपट्टी लावली तर बाणकोट पहिल्या खान्यात बसतो, कारण तो देण्याचा अधिकार असलेल्या राज्यकर्त्याने लेखी तहाने दिला. विजयदुर्ग जितके दिवस इंग्रजांच्या हातात होता तितके दिवस दुसऱ्या खान्यात. ही उदाहरणं कंपनीच्या अर्जातली नाहीत. पण ‘इंडियन राजे आणि सरकारं’ हे शब्द लिहिताना लंडनच्या वकिलांपुढे कसली माणसं आणि कसले कागद होते, ते यावरून कळतं. शिक्का, दफ्तर, वकील, तहनामा, महसुलाचा हिशोब असलेली ही राज्यं होती.

दोन मजकूर शेजारी ठेवून

मरेच्या नकलेत काय बदललं ते एकेक करून पाहू.

पहिला बदल: ‘महान मोगलाकडून अथवा’ हे शब्द गेले. उरलं फक्त ‘कोणत्याही इंडियन राजाकडून वा सरकारकडून’. इंग्रजीत ‘इंडियन’ हा शब्द कोलंबसाच्या चुकीपासून दोन खंडांतल्या माणसांना लागतो. ‘मोगल’ शेजारी आहे तोवर वाक्य गंगा-यमुनेच्या देशाचं आहे. तो शब्द काढला की तेच वाक्य ओहायो आणि मिसिसिपीच्या काठी जाऊन उभं राहतं. खोडाखोड नाही, नवा शब्द घुसवलेला नाही. फक्त एक नाव उचललं.

दुसरा बदल: ‘कंपनीकडे’ च्या जागी ‘घेणाऱ्याकडे’. मूळ मत एका सनदी कंपनीपुरतं होतं. राजानेच सनद देऊन तिला व्यापाराचा, तह करण्याचा, फौज बाळगण्याचा अधिकार दिला होता. ‘घेणारा’ म्हटलं की फिलाडेल्फियातला कोणीही दुकानदार त्यात बसतो.

तिसरा बदल सर्वात मोठा. जिंकलेल्या मुलखाचा दुसरा भाग संपूर्ण गायब. इलिनॉयचा प्रदेश ब्रिटनकडे आला होता फ्रान्सशी सात वर्षं लढून आणि १७६३ च्या पॅरिसच्या तहाने. त्यामुळे दुसरा भाग कागदावर राहिला असता तर वाचणाऱ्याने पहिला प्रश्न हाच केला असता, की हा मुलूख दानाचा की लढून मिळवलेला?

याशिवाय मथळा नव्हता, अर्जदाराचं नाव नव्हतं, १७५७ ही तारीख नव्हती. तारीख होती ती नकलेची, १७७२ ची. घाईत वाचणाऱ्याला हे मत ताजं, गेल्याच वर्षीचं वाटावं अशी ही मांडणी होती. रुजवात घातल्याचा शेरा मात्र ठसठशीत.

आपल्या जुन्या दफ्तरांतली एक रीत इथे आठवते. शिवकालीन पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असा समाप्तीचा शिक्का उठवत, पेशवाईतल्या कागदांवर ‘मोर्तब सूद’ येतं. मजकूर इथे संपला, याच्यापुढे काही जोडलेलं नाही, आणि शिक्क्याआधीच कागद संपला तर काहीतरी कापलं गेलं, एवढं त्यातून कळतं. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वकिली मताच्या खासगी नकलेला असलं कुंपण नव्हतं. कारकून हाताने उतरवून घेई आणि खाली ‘खरी नक्कल’ लिही. त्या शब्दांमागे उभा कोण, हे शेऱ्यात येत नसे.

कागद खरा असता तरी

समजा नक्कल अस्सल बरहुकूम होती आणि मत अमेरिकेलाही लागू होतं. तरी मरेचं काम झालं नसतं, आणि कॅप्टन लॉर्डला हे ठाऊक होतं. ७ ऑक्टोबर १७६३ च्या राजाज्ञेने अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पश्चिमेची जमीन मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवली होती. खासगी माणसाने तिथे जमीन विकत घेऊ नये, विकायचीच असेल तर जमातीच्या जाहीर सभेत आणि फक्त राजाच्या नावे विकली जावी, असा स्पष्ट हुकूम होता. मत १७५७ चं, हुकूम १७६३ चा. मागाहून आलेल्या हुकमापुढे आधीचं मत टिकत नाही, मग ते कितीही मोठ्या वकिलाचं असो. म्हणूनच नकलेवर १७५७ नसणं हे मरेच्या फार सोयीचं होतं.

लॉर्डने मरेला सांगितलं की राजाच्या आज्ञेविरुद्ध तो इथे वसाहत करू देणार नाही. मरेने वसाहतीचा हट्ट धरला नाही. त्याने आधी कागद करून घेतले.

खरेदीखतं आणि त्यातला माल

५ जुलै १७७३ रोजी कास्कास्कियात इलिनॉय जमातींच्या सरदारांनी मरे आणि त्याच्या एकवीस भागीदारांना दोन मोठे तुकडे लिहून दिले. मोबदल्यात माल. पुढे न्यायालयात त्याची किंमत २४ हजार डॉलर धरली गेली. १८ ऑक्टोबर १७७५ रोजी दुसरं खत झालं. पियांकेशॉ जमातीच्या सरदारांनी वॉबॅश नदीकाठचे दोन तुकडे दिले, किंमत ३१ हजार डॉलर. या वेळी घेणाऱ्यांत व्हर्जिनियाचा राजनियुक्त गव्हर्नर लॉर्ड डनमोर स्वतः होता. ज्याने राजाचा हुकूम राबवायचा तोच भागीदार झाला होता.

दुसऱ्या खतातली मालाची यादी वाचण्यासारखी आहे: ४०० ब्लँकेटं, २५० सदरे, ५२ बंदुका, १० हजार चकमकी, ६०० पौंड बंदुकीची दारू, २ हजार पौंड शिसं, ५०० पौंड पितळी भांडी, ४०० पौंड तंबाखू, ३ हजार पौंड पीठ, ३ घोडे. शिवाय चांदीचे दंडपट्टे, कर्णफुलं आणि ४६ मोठे क्रूस. इतक्या बारकाईने माल मोजणाऱ्या त्याच खतात जमिनीचं वर्णन कसं आहे पाहा. नदीला अमुक ओढा मिळतो तिथपासून तमुक ठिकाणापर्यंत, लांबी ‘सुमारे’ ४० लीग. रुंदी नदीच्या पूर्वेला ४० लीग आणि पश्चिमेला ३०. लीग म्हणजे साधारण तीन मैल. साखळी लावलेली नाही, खुणेचे दगड नाहीत, नकाशा नाही. रुंदीची हद्द तर नदीपासून आत किती चालत गेलं की येते, ते जमिनीवर कोणी पाहिलेलंच नव्हतं.

पण मोजणीचा दोष दुय्यम होता. असली ढोबळ वर्णनं तेव्हाच्या राजसनदांतही सापडतात. खरा प्रश्न होता की हे खत कोणत्या न्यायालयात चालेल. घेणाऱ्यांनी दोन्ही खतं कास्कास्कियाच्या नोटरीकडे नोंदवली, दुभाषे हजर ठेवले, सरदारांच्या निशाण्या घेतल्या. कागदाची बाह्य शिस्त चोख पाळली. नोंदणीने व्यवहार झाल्याचा पुरावा तयार होतो. विकण्याचा आणि घेण्याचा अधिकार त्यातून तयार होत नाही. सातबाऱ्यावर फेरफार झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असं मानणाऱ्यांना आपल्याकडेही हेच पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

दुसरं मत: फिलाडेल्फिया, १२ जुलै १७७५

याच सुमारास आणखी एक हस्तलिखित मत फिरत होतं, आणि त्याच्यावर वसाहतीतल्या एका नामांकित वकिलाचा हात होता. त्याची जातकुळी वेगळी असल्यामुळे ते शेजारी ठेवून पाहणं उपयोगाचं आहे.

१७६३ मध्ये मूळ रहिवाशांनी ब्रिटिशांविरुद्ध केलेल्या पाँटियाकच्या उठावात व्यापाऱ्यांचा माल लुटला गेला. त्यांनी नुकसानीचा आकडा मांडला ८५,९१६ पौंड १० शिलिंग ८ पेन्स, न्यू यॉर्कच्या चलनात. नोव्हेंबर १७६८ मध्ये फोर्ट स्टॅनविक्सच्या तहाच्या वेळी इरोक्वा संघाने, म्हणजे सहा राष्ट्रांनी, भरपाई म्हणून ओहायो नदीच्या दक्षिणेची जमीन विल्यम ट्रेंट आणि इतर व्यापाऱ्यांना लिहून दिली. हेच ‘इंडियाना’ दान. आजच्या इंडियाना राज्याशी त्याचा संबंध नाही, ही जमीन आता वेस्ट व्हर्जिनियात येते. व्हर्जिनिया म्हणत होती की हा मुलूख आमच्या सनदेतला, इथे दुसऱ्या कोणाचं दान चालणार नाही.

या व्यापाऱ्यांपैकी सॅम्युएल वॉर्टनने लंडनमध्ये हेन्री डॅग या वकिलाकडून मार्च १७७५ मध्ये लेखी मत घेतलं: दान पक्कं आहे. त्याला सार्जंट जॉन ग्लिन या ज्येष्ठ वकिलाने दुजोरा दिला. तो कागद अटलांटिक ओलांडून आला, आणि १२ जुलै १७७५ रोजी फिलाडेल्फियात पॅट्रिक हेन्री आणि बेंजामिन फ्रँकलिन यांनी त्यावर आपली सहमती नोंदवली. हेन्री व्हर्जिनियाचा वकील आणि गाजलेला वक्ता. फ्रँकलिन वकील नव्हता, पण पश्चिमेकडच्या जमिनींच्या योजनांत त्याचे हितसंबंध गुंतलेले होते.

इथे लबाडी नाही. प्रश्न खरोखरच या जमिनीचा होता, दान १७६८ चं होतं, आणि ते राजाच्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत झालेल्या जाहीर तहाच्या वेळचं होतं. दुबळी जागा वेगळी आहे. वकिलापुढे हकीकत मांडली एकाच पक्षाने. ज्येष्ठ वकील खाली ‘सहमत’ लिहितो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे तीच मांडलेली हकीकत असते. व्हर्जिनियाची सनद, राजाची १७६३ ची आज्ञा आणि ती जमीन खरोखर वापरणाऱ्या शॉनी आणि डेलावेर जमातींचं म्हणणं, यांची बाजू मांडायला तिथे कोणी नव्हतं. चार सह्या झाल्या म्हणून चार स्वतंत्र तपासण्या झाल्या असं धरणं चुकीचं ठरतं. ‘सहमत’ असा शेरा मोजताना आधी हे पाहावं की सही करणाऱ्याने मूळ दस्तऐवज पाहिल्याचं लिहिलंय का, की फक्त ‘वरील मत वाचलं’ एवढंच आहे.

व्हर्जिनियाने हे दान मानलं नाही. १७७९ मध्ये तिथल्या विधानसभेने ठरवलं की आपल्या हद्दीत मूळ रहिवाशांकडून जमीन घेण्याचा हक्क एकट्या राज्याचा. इंडियाना कंपनी १७९२ मध्ये राज्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली, पण १७९५ ची अकरावी घटनादुरुस्ती आडवी आली, आणि १७९८ मध्ये दावाच निकालात निघाला. दानपत्र खरं की खोटं, यावर न्यायालयाने शब्दही उच्चारला नाही.

रिचर्ड हेंडरसन हा नॉर्थ कॅरोलायनाचा वकील आणि माजी न्यायाधीश. त्याने १७ मार्च १७७५ रोजी सायकामोर शोल्स इथे चेरोकींकडून जवळजवळ दोन कोटी एकर घेतले. इतिहासकार त्याही व्यवहाराचा धागा फिरत असलेल्या प्रॅट-यॉर्क नकलेशी जोडतात. व्हर्जिनियाने १७७८ मध्ये आपल्या हद्दीपुरती ती खरेदी रद्द केली आणि बदल्यात त्याच्या कंपनीला दोन लाख एकर दिले. त्या काळात असं काही हाती लागलेला तो जवळजवळ एकटाच.

१८२३: न्यायालयाने शब्द पकडला

इलिनॉय आणि वॉबॅश या दोन कंपन्या एकत्र झाल्या आणि तीस वर्षं काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, अर्ज करत राहिल्या. एका काळी त्यांचा अध्यक्ष जेम्स विल्सन होता, अमेरिकेच्या राज्यघटनेचा एक शिल्पकार आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश. काँग्रेसने दाद दिली नाही. दरम्यान १८०३ आणि १८०५ च्या तहांनी संघराज्याने तीच जमीन त्याच जमातींकडून स्वतःच्या नावे घेतली आणि विकायला काढली.

शेवटी दावा लागला. १७७५ च्या खतातला एक भागीदार मेरिलँडचा थॉमस जॉन्सन. त्याच्या वारसांनी विल्यम मॅकिन्टॉशवर दावा लावला. मॅकिन्टॉशने १८१८ मध्ये संघराज्याकडून जमीन घेतली होती. वादीच्या बाजूने रॉबर्ट गुडलो हार्पर आणि डॅनियल वेब्स्टर उभे राहिले. दोन्ही पक्षांनी हकीकत संगनमताने मांडली: पियांकेशॉ हे मालक आणि कब्जेदार होते, सरदारांना विकण्याचा अधिकार होता, किंमत पोचली. साक्षीपुरावा झालाच नाही. उरला एकच प्रश्न, जमातीने खासगी माणसाला दिलेलं टायटल या देशाच्या न्यायालयात उभं राहतं का. नंतर अभ्यासकांनी दोन्ही जमिनी नकाशावर मांडून पाहिल्या, तर त्या एकमेकींवर येतच नव्हत्या. भांडणाला विषय हवा म्हणून भांडण उभं केलं होतं.

वादीने प्रॅट-यॉर्क मत काढलं. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी २८ फेब्रुवारी १८२३ च्या निकालात त्याला वेगळी जागा दिली. अशा माणसांच्या मताला मोठं वजन आहे, ते वाचताना आम्हाला आश्चर्य वाटलं, पण राजसत्तेच्या आजवरच्या सगळ्या वहिवाटीविरुद्ध जाणारं मत असेल तर ते कोणत्या परिस्थितीत आणि कशासाठी दिलं हे आधी दाखवा, अशी त्यांची भूमिका होती.

मग त्यांनी मजकुराला हात घातला. त्यांनी निकालात मताची जी सुरुवात उद्धृत केली आहे, तिच्यात ‘मोगल’ नाही. म्हणजे न्यायालयाच्या टेबलावरही कापलेलाच मजकूर होता. तो जॉर्ज चामर्स यांनी १८१४ मध्ये लंडनला छापलेल्या वकिली मतांच्या संग्रहात आला होता, आणि संग्रहात ते कोणाला उद्देशून आहे हे लिहिलेलं नव्हतं. मार्शल यांनी उरलेल्या शब्दांवरून माग काढला. ‘राजे आणि सरकारं’ असं आपण ईस्ट इंडीजच्या लोकांबद्दल बोलतो. उत्तर अमेरिकेच्या लोकांबद्दल बोलताना आपण सेचम (जमातीचे सरदार) म्हणतो, योद्धे, मुख्य माणसं, राष्ट्रं, जमाती म्हणतो. नकलेतून मोगल काढणाऱ्याने त्याच वाक्यातले ‘राजे’ तसेच राहू दिले होते.

जोडीला त्यांनी ‘प्लेन फॅक्ट्स’ या १७८१ च्या फिलाडेल्फियातल्या पुस्तिकेचा दाखला दिला. ती पुस्तिका मूळ रहिवाशांच्या मालकीहक्काची, म्हणजे खरेदीदारांच्याच सोयीची बाजू मांडायला लिहिलेली होती. तिने तेच मत छापलं होतं, पण ते ईस्ट इंडीजमधल्या खरेदीचं आहे हे प्रामाणिकपणे नोंदवूनही ठेवलं होतं.

असा कागद हाती आला तर

जुनं हस्तलिखित मत, मग ते लंडनचं असो वा फिलाडेल्फियाचं, आधी उलटं करून पाठीमागून वाचावं. कागद घडी घालून ठेवत आणि बाहेरच्या घडीवर पक्ष, विषय आणि तारीख लिहीत. प्रश्नकर्त्याचं नाव सापडायची सर्वात जास्त शक्यता तिथेच. घडीवर काही नसेल आणि आतही हकीकत नसेल, तर समोर आहे तो उतारा आहे, मत नव्हे, असं धरून चालावं.

मग हात पाहावा. मजकूर, शेरा आणि सह्या एकाच वळणात आणि एकाच शाईत असतील तर सह्याही उतरवलेल्याच आहेत. लोहयुक्त शाई कालांतराने तपकिरी होते. वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या ओळींचा रंग सहसा एकसारखा उतरत नाही. शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, तो ओळखीचा झाल्याशिवाय नाव वाचू नये. नावं चुकतात ती इथेच.

त्यानंतर तारखा दोन रकान्यांत लिहाव्यात: मताची आणि नकलेची. मधल्या काळात कोणता कायदा, हुकूम किंवा तह आला ते पाहावं. आमच्या कागदाला ही एवढी पायरी पुरेशी होती, कारण मधे १७६३ बसतं. सह्या करणाऱ्यांचंही पाहावं. १ एप्रिल १७७२ ला लंडनमध्ये रुजवात झाली म्हणतात, तेव्हा चार्ल्स यॉर्कला जाऊन दोन वर्षं झाली होती. प्रॅट हयात होता, लॉर्ड कॅम्डेन झाला होता, माजी लॉर्ड चॅन्सेलर होता. विचारायचंच असतं तर माणूस लंडनमध्येच होता.

आणि शेवटी, दुसरी नक्कल शोधल्याशिवाय पहिलीवर विसंबू नये. वेगळ्या हातून वेगळ्या कामासाठी केलेली नक्कल सर्वात उपयोगी. इथे ती कंपनीच्या दफ्तरात होती. ईस्ट इंडिया कंपनीकडचा पूर्ण मजकूर आणि अमेरिकेत फिरलेला मजकूर इतिहासकारांनी शेजारी ठेवले तेव्हाच तिन्ही बदल एकदम दिसले.

निकालात काय उरलं

मार्शल यांनी नक्कल बाजूला सारली आणि वादी हरले. पण निकाल तिथे थांबला नाही. युरोपीय राज्याने ‘शोध’ लावला की जमिनीचं अंतिम टायटल त्या राज्याकडे जातं, मूळ रहिवाशांकडे फक्त कब्जा-वहिवाटीचा हक्क उरतो, आणि तो विकत घेण्याचा किंवा संपवण्याचा अधिकार एकट्या सरकारचा, असा नियम त्यांनी घालून दिला. पियांकेशॉ या दाव्यात पक्षकार नव्हते. त्यांच्या वतीने कोणी वकील उभा नव्हता. दोन खरेदीदारांच्या संगनमताने मांडलेल्या हकीकतीवर त्यांच्या मालकीचा निवाडा झाला.

प्रॅट आणि यॉर्क यांच्या मूळ, न कापलेल्या मताने हिंदुस्थानातल्या राज्यकर्त्याचं दानपत्र स्वतःच्या बळावर पुरेसं मानलं होतं. देणारा पूर्ण मालक आहे, हे त्यात गृहीत होतं. अमेरिकेतल्या सरदारांना ते गृहीतक कापलेल्या नकलेच्या आधाराने मिळवून देऊ पाहणारे होते जमिनीचे सट्टेबाज. नक्कल पडली तेव्हा सट्टेबाजांचे पैसे बुडाले, आणि सरदारांचं ‘मालक’ हे नावही गेलं. व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी या ‘शोधाच्या सिद्धांता’शी असलेला संबंध जाहीरपणे नाकारला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००५ मध्ये ओनायडा राष्ट्राच्या जमिनीच्या दाव्यात त्याच सिद्धांताचा आधार घेतला होता, आणि १८२३ चा निकाल अजून रद्द झालेला नाही.